पावती

आमच्या माजघरात फडताळावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात जुने फेरफार, साऱ्याच्या पावत्या, माझा दहावीचा दाखला, असं सगळं कोंबलेलं आहे. तळाशी तारेत ओवलेली पोस्टकार्डं आहेत. पंचवीस आहेत, मी मोजलीत. प्रत्येकावर बारीक, सरळ अक्षरात जवळजवळ एकच मजकूर. "चार पोती शाळू पोचला. मापात बरोबर आहे. ही पावती समजावी. मुलाबाळांस आशीर्वाद." खाली तारीख आणि सही. शेवटच्या दहा कार्डांवर शाळूच्या जागी रुपये आहेत, बाकी सगळं तेच.

पहिलं कार्ड १९५६ चं आणि शेवटचं १९८३ चं. हिशेब केला तर अठ्ठावीस पाहिजेत. मधली तीन नाहीत. ७१, ७२ आणि ७३.

ती तीन का नाहीत हे मला माहीत आहे. आबाला माहीत होतं. आणि काकूंना माहीत होतं. आबा गेला, काकू त्याच्या आधीच गेल्या. आता माहीत असलेला मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

आमचं गाव माण तालुक्यात, माणगंगेच्या काठाला. नदी म्हणायची, पण वर्षातले दहा महिने वाळूच. नदीकडेची साडेपाच एकर जमीन आम्ही तीन पिढ्या कुळानं कसत होतो. मालक गावातल्याच वाड्यातले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर आमच्या जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात त्यांचाही वाडा गेला आणि ते कुटुंब साताऱ्याला गेलं ते परत आलं नाही. काही वर्षांनी मालक वारले. मागं काकू आणि एक लहान मुलगी. काकूंचं वय तेव्हा पंचवीसच्या आतबाहेर असेल. त्यांना आमच्या घरात सगळेच काकू म्हणायचे, त्यांच्यापेक्षा थोराड असलेली माझी आज्जीसुद्धा.

आता कूळकायद्याचं थोडं सांगतो, कारण नव्या पोरांना सातबाऱ्यावर नाव असतं एवढंच कळतं, ते तिथं कसं आलं ते कळत नाही. मुंबई कुळवहिवाटीचा कायदा १९४८ चा. मग त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं तिचा विकत घेणारा मालक झाला. किंमत सरकार ठरवणार, आणि ती हप्त्यानं फेडायची. महाराष्ट्रातल्या किती घरांची चूल ह्या एका तारखेवर पेटली, त्याची गणती नाही. पण मालकीण विधवा असेल, मालक अज्ञान असेल किंवा अपंग असेल, तर तिथं कायदा थांबत होता. विधवा हयात आहे तोवर कुळानं कूळच राहायचं, खंड द्यायचा. ती गेल्यावर पुढं मुदतीत अर्ज करून जमीन विकत घ्यायची.

म्हणजे आमच्या आजूबाजूची कुळं ५७ साली मालक झाली आणि आबा राहिला कूळ. गावात लोक चेष्टा करायचे, "तुझ्या मालकिणीला औक्ष मोठं हाय गड्या." आबा हसायचा. पण खंड कधी चुकवला नाही. कायद्यानं खंड रोखीत बांधून दिला होता, तरी आमच्या दोन घरांत धान्याची जुनी रीत चालू राहिली. सुगी झाली की चार पोती शाळू निवडून, मापून, तोंडं शिवून यष्टीच्या टपावर चढायची. आठवड्यानं पोस्टकार्ड यायचं. आबाला वाचता येत नव्हतं. मी शाळेत जायला लागल्यावर कार्ड वाचायचं काम माझ्याकडं आलं. "आशीर्वाद" हा जोडाक्षराचा शब्द मी त्या कार्डावर शिकलो.

मग दुष्काळ आला. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण माणदेशात तो एका वर्षाचा नव्हता. ७० च्या पावसानं दगा दिला, ७१ च्या दिला, आणि ७२ ला तर आभाळ गोठ्याच्या पत्र्यासारखं कोरडं ठाक. विहिरीचा तळ दिसला. निवडुंगाचे काटे भाजून ते जनावरांपुढं टाकलं. खिलार बैलजोडी आबानं खाटकाला विकली नाही, एका पाहुण्याला नुसतीच दिली, "जगव आणि तुझीच म्हण" म्हणून. आई आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. शाळेतून येताना आम्ही पोरं खडीच्या कामावर सुकडी खायला जायचो. घरात सात माणसं होती. अशात चार पोती शाळू कुठला द्यायचा? चार पायली नव्हता.

पहिल्या साली आबानं निरोप धाडला की पिकलं नाही. काकूंचं उत्तर आलं, पुढच्या साली बघू. दुसऱ्या सालीही पिकलं नाही आणि आबानं निरोप धाडला नाही. लाज वाटली असणार. तिसऱ्या साली तर नाहीच नाही. मधल्या काळात काकूंच्या भावानं व्यवहार हातात घेतला होता. तो माणूस कायदा जाणणारा. कायद्यात असं होतं की कुळानं तीन वर्षांचा खंड थकवला आणि मालकानं प्रत्येक थकबाकीची सूचना तीन महिन्यांच्या आत दिलेली असली, तर मग कुळाला सवलत नाही, जमीन सोडावी लागते. भावानं तिन्ही सूचना रजिस्टर पोस्टानं दिल्या होत्या. ७३ च्या पावसाळ्यात दहिवडीच्या कचेरीचं बोलावणं आलं.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. आबाबरोबर गेलो, कागद वाचायला कुणीतरी पाहिजे म्हणून. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक माणूस बसायचा. त्यानं तारेतली कार्डं बघितली, थोडा विचार केला आणि आबाला म्हणाला, "ह्यात पहिल्या सालाचा खंड तू रोख दिलास म्हणून सांग. सूचना मिळाल्यावर साताऱ्याला जाऊन हातात दिला, पावती दिली न्हाई म्हण. एक साल गळलं की तिनाची दोन हुतात. दोन सालावर कोण काढीत न्हाई तुला."

आबा म्हणाला, "पर काकू पावती न्हाई दिली असं कधी झालं न्हाई."

तो म्हणाला, "ह्या साली झालं."

आत मामलेदारांपुढं आबानं शपथेवर तेच सांगितलं. मी दारात उभा होतो. काकू बाकावर बसल्या होत्या. तपकिरी लुगडं, डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ज्या अक्षरावर मी वाचायला शिकलो ते ह्या बाईचं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. त्यांच्या भावानं पुष्कळ वाद घातला. काकू मात्र काहीच बोलल्या नाहीत. आबाच्या हातातल्या तारेकडं बघत राहिल्या.

अर्ज फेटाळला. तीन वर्षांची थकबाकी शाबीत होत नाही, असा निकाल. परत येताना यष्टीत आबा एक शब्द बोलला नाही. गावात मात्र लोकांनी पाठ थोपटली. त्याच साली पाऊस चांगला झाला. ७४ पासून आबा खंड परत धाडायला लागला, आता रोख, मनीऑर्डरनं. आणि पावतीचं कार्डही परत यायला लागलं. मजकूर तोच. आशीर्वादसुद्धा तसाच.

१९८४ साली काकू वारल्या. मुदतीत आम्ही अर्ज केला. किंमत जमिनीच्या आकारावर ठरते, आकाराच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत. आमची जी ठरली ती एका चांगल्या बैलजोडीच्या किमतीहून जास्त नव्हती. आपण खरंच कूळ होतो हे दाखवायला पुरावा लागला. पुरावा काय, तर ही तारेतली पोस्टकार्डं. साहेबानं एकेक बघितलं आणि म्हणाले, "एवढा स्वच्छ पुरावा मी फार कमी बघितलाय." काकूंची मुलगी सुनावणीला आली होती. तिनं हरकत घेतली नाही. सही केली आणि गेली.

म्हणजे काकूंनी वर्षानुवर्षं पाठवलेली प्रत्येक पावती त्यांच्याच विरुद्धचा पुरावा होती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांचा भाऊ त्यांना सांगत असणार की पावती देऊ नकोस. आमच्या भागातल्या कितीक मालकांनी पावत्या देणं ४८ नंतर बंदच केलं होतं, त्यामुळं कितीक कुळं कुळं असूनही कागदावर ठरली नाहीत आणि जमिनीवरून उठली. काकूंनी माल पोचला म्हणून पोचला असं लिहिलं. आणि आबानं त्यांच्याबद्दलच शपथेवर सांगितलं की ह्यांनी पैसे घेतले आणि पावती दिली नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात असं उलगडून यायला पुष्कळ वर्षं लागली. तरुणपणी मला आबाचं काही चुकलं असं वाटत नव्हतं. गावातला एक म्हातारा म्हणायचा, "मालक लोकांनी पिढ्यान् पिढ्या बसून खाल्लं. चार पोती बुडाली तर कुठं आभाळ कोसळलं?" मला ते पटायचं. आजही त्यातलं निम्मं पटतं. त्या शेताच्या ताली माझ्या आज्ज्यानं घातल्या. विहीर त्यानं आणि त्याच्या भावानं खांदली, तेव्हा दरड कोसळून भावाचा पाय गेला. ज्यानं घाम गाळला त्याची जमीन, हे म्हणणं खरं आहे. तो कायदा चांगला होता. त्या कायद्यावर माझं घर उभं आहे, पोरांची शिक्षणं झाली आहेत. त्याला नाव ठेवायला माझी जीभ धजणार नाही.

पण पिढ्यान् पिढ्याचा हिशेब एका बाईकडून वसूल होतो का, हा प्रश्न राहतोच. तिनं काय बसून खाल्लं होतं?

आबा १९९८ साली गेला. जायच्या आधी पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होता. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाला, "काकूंची बारा पोती राहिलीत." मला वाटलं भ्रमात बोलतोय. म्हणालो, "आबा, ते दुष्काळातलं. ते गेलं आता." तर म्हणाला, "दुष्काळातलं आठ गेलं आसंल. शपथंवरलं चार न्हाई गेलं."

अडाणी माणूस. पण त्यानं दोन्ही कसं वेगळं ठेवलं होतं बघा. पिकलं नाही म्हणून दिलं नाही, ते एक. दिलं नसताना दिलं म्हणालो, ते दुसरं.

दिवस झाल्यावर मी बारा पोत्यांचे त्या वेळच्या भावानं पैसे केले आणि एक पोतं शाळू बरोबर घेऊन साताऱ्याला गेलो. काकूंची मुलगी मंगळवार पेठेत राहत होती, शाळेत शिकवायची. मी ओळख सांगितली. त्यांनी आत घेतलं, चहा ठेवला. मी शपथेचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या हो, झालं गेलं. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहितीय का, आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो?"

मला माहीत नव्हतं. मालकीण म्हटल्यावर तिला स्वतःचं घर नसेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळू विकून काकू खोलीचं भाडं भरायच्या, उरलेल्यात दोघींचं चालायचं, शिवाय लोकांकडं पापड लाटायला जायच्या. शाळू थांबला तसं भाडं थकलं. घरमालकानं वर्षभर कळ काढली, मग नोटीस दिली. शहरातल्या भाड्याच्या कायद्यात तेव्हा असं होतं की सहा महिन्यांचं भाडं थकलं आणि नोटिशीनंतर महिन्याभरात भरलं नाही, तर खोली सोडावी लागते. काकूंना वाटलं होतं, दहिवडीचा निकाल लागला तर जमीन दुसऱ्याला लावून काही पैसे उचलता येतील. निकाल लागला तो असा. त्याच महिन्यात खोल्या सोडून त्या भावाकडं राहायला गेल्या. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ते सुटलं. पुढं कितीतरी वर्षांनी बाहेरून परीक्षा देऊन तिनं पुरं केलं.

"घरमालक वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यालाही पेन्शन तेवढीच होती."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आईनं तुमच्या वडलांना कधी शिव्या दिल्या नाहीत. म्हणायची, दुष्काळ त्याच्यावरही होता. पण कचेरीतून आल्यावर मला एकदाच म्हणाली, मी पावती दिली नाही असं तो कसा गं बोलला?"

मी पैशाचं पाकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं. उघडून नोटा मोजल्या. मला बरं वाटलं, खरं सांगतो. नको म्हणाल्या असत्या तर मी ते ओझं तसंच घेऊन परत आलो असतो. मग आतून वहीचं पान आणून लिहिलं, "बारा पोती शाळूपोटी रक्कम पोचली. ही पावती समजावी." खाली तारीख, सही. अक्षर आईसारखंच. आशीर्वाद मात्र नव्हता, आणि तो मागायचा मला हक्क नव्हता. शाळूचं पोतं ठेवायला जागा नाही म्हणाल्या, त्यातला दोन पायल्या काढून घेतला.

परतीच्या यष्टीत मी ह्यावरच विचार करत होतो. एकाच दुष्काळानं दोन घरांवर थकबाकी आणली. आबा काकूंचं कूळ, काकू घरमालकाच्या भाडेकरू. एकाला कायद्यानं जागेवर ठेवलं आणि दुसरीला कायद्यानंच जागेवरून उठवलं. कायद्याला मालक आणि कूळ अशी दोनच माणसं दिसतात. खऱ्या जगात एकच माणूस इथं मालक असतो आणि तिथं भाडेकरू असतो. वरचा अडला की खालचा अडतो, आणि शेवटी एखादी बाई पिशवी घेऊन भावाच्या दारात उभी राहते. तिचं नाव कुठल्याच निकालात नसतं.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. निवृत्त झालेल्या एका तलाठी भाऊसाहेबांशी बोलताना ते म्हणाले की त्याच कूळकायद्यात एक कलम आहे. ज्या साली दुष्काळामुळं सरकार शेतसारा तहकूब किंवा माफ करतं, त्या प्रमाणात मालकानंही खंड तहकूब किंवा माफ करायचा. म्हणजे आबानं नुसतं खरं सांगितलं असतं, साहेब पिकलं नाही, साऱ्याचा कागद बघा, तरी कदाचित जमीन वाचली असती. पण हे त्याला कुणी सांगितलं नाही. बाहेर बसलेल्या लिहिणाऱ्यानं जे सोपं ते सांगितलं. आबाला वाटलं, खरं बोललो तर सात माणसं रस्त्यावर येणार. खरं बोलण्याची एवढी किंमत पडत असेल तर गरीब माणूस ते कुठून बोलणार?

तेव्हा आबाला मी दोषी म्हणू का? त्याच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो, ह्यात मला शंका नाही. भुकेपुढं माणसाचं काय चालतं. पण चूक समजून घेतली म्हणून देणं फिटत नाही, एवढं मला कळलंय. सरकार सारा माफ करतं ते स्वतःच्या तिजोरीतून. काकूंची तिजोरी म्हणजे पापडाचं पीठ. आणि त्या चार पोत्यांवर जे जगले, त्यात मीही होतो. मग ते माझंही देणं होतं. आबाचं आबाबरोबर जळालं असं म्हणून चालणार नव्हतं.

इथवर लिहून थांबलो असतो तर मी फार भला माणूस दिसलो असतो. पण पुढचं सांगणं भाग आहे.

आता माझं वय झालं. गुडघे वर चढू देत नाहीत. थोरला पुण्याकडं कंपनीत आहे, धाकटा दुधाच्या धंद्यात. त्याच साडेपाच एकरातली चार एकर मी २०१५ पासून गावातल्या एकाला खंडानं दिली आहे. सालाला चोवीस हजार, पाडव्याला द्यायचे. बोली तोंडी. कागद नाही. कागद का नाही, तर भीती. कागद केला, पावती दिली, आणि उद्या त्यानं कूळ म्हणून अर्ज केला तर? ज्या कायद्यानं मी मालक झालो, त्याच कायद्याच्या भीतीनं मी दुसऱ्याला पावती देत नाही. हे मी कुणाला आजवर सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नाही, गावात सगळेच असं करतात.

२०१८ चा पाऊस गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या उघडल्या. आमच्या ह्या गड्याचा कांदा जळाला, बाजरी वीतभर वाढून बसली. पाडव्याला तो आला नाही. पुढच्या वर्षी कांदा निघाला, पण त्यात त्यानं सोसायटीचं भागवलं आणि थोरल्या पोरीचं लग्न केलं. त्या पाडव्यालाही आला नाही. आमच्या दारावरून जायचा त्याचा रोजचा रस्ता, तो सोडून ओढ्याच्या वाटेनं जायला लागला.

थोरल्याचा फोन आला. "अण्णा, अठ्ठेचाळीस हजार थकलेत. त्याला काढा. उद्या पीकपाहणीला नाव लावून बसला म्हंजे?" त्याचं चुकत नाही. त्यालाही पुण्यात घराचा हप्ता आहे. एक बागवाला द्राक्षासाठी जमीन बघत फिरत होता, तो एकरी दुप्पट द्यायला तयार होता.

मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वाटेवर जाऊन बसलो. तो आला, मला बघून थबकला. मग लगेच सुरू झाला, "अण्णा, मी थोरल्याला फोन केलता, पैसं बँकेत..."

मी म्हणालो, "थांब. पुढं बोलू नकोस. न्हाई जमलं म्हण."

तो गप्प झाला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "न्हाई जमलं, अण्णा."

"बरं," मी म्हणालो. "आता बस. ह्यावर बोलू."

बसलो. ठरलं ते असं. दुष्काळाच्या सालाचे चोवीस हजार गेले, ते माझे गेले. कांदा निघाला त्या सालाचे चोवीस मात्र द्यायचे, दोन हप्त्यांत. जमीन त्याच्याकडंच राहील. थोरल्याला हे पटलं नाही. महिनाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणाला, तुमची दानत आमच्या वाटणीतून चाललीय. त्याचं हे बोलणंही मी मनात ठेवलंय, कारण ते अगदीच खोटं नाही.

पहिला हप्ता त्यानं वेळेवर आणून दिला. बारा हजार. मी मोजून घेतले आणि वहीत लिहिले. तो उंबऱ्यावर जरा घुटमळला. काही मागितलं नाही त्यानं. पण मला कळलं तो कशासाठी घुटमळला. मी कळूनही उठलो नाही. तो गेला.

पुढचा हप्ता मग लांबत गेला. करोना आला, बाजार बंद झाले, तोही अडला आणि मीही तगादा केला नाही. चालू सालाचा खंड देतो, त्यात खळ नाही. मागचे बारा राहिलेत. येत्या पाडव्याला आणून देतो म्हणालाय.

काल ट्रंक काढली. तार सोडवून सगळी कार्डं पुन्हा वाचली, तारखेनं लावली, परत ओवली. मग वहीचं एक पान घेतलं आणि लिहिलं, "चार एकर जमिनीच्या खंडापोटी रुपये बारा हजार पोचले. ही पावती समजावी." तारीख घातली, ज्या दिवशी घेतले त्या दिवसाची. सही केली. अक्षर आता थरथरतं, पण वाचता येतं.

पान अजून वहीतच आहे. थोरल्याला सांगितलं तर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. वकिलाला विचारलं तर तोही तेच म्हणेल. काकूंच्या भावानंही काकूंना तेच सांगितलं असणार.

पाडव्याला अजून बावीस दिवस आहेत.